चुकीचं लेबल

लोक विचारतात, तुझं मशीन हुशार आहे का.
मी सांगतो, वरुडकडच्या बागांत ते संत्री मोजतं.
फार तर तेवढंच.

ड्रोन फिरतो, बगळे उठतात,
फोटो माझ्याकडे येतात, मागच्या खोलीत,
जिथं ढेपेची पोती आहेत आणि एक टेबल.
थ्री फेज वीज रात्री बारानंतर,
म्हणून मॉडेलही ओलिताच्या वेळापत्रकानं शिकतं.
'शिकतं' हा शब्द मी पगारापुरता वापरतो.
खरं तर ते चुकतं,
आणि मी चूक कमी करत नेतो,
विहिरीतला गाळ काढावा तशी, घमेल्याघमेल्यानं.

चौकटी सुनंदा कुमरे आखते.
एका संत्र्याभोवती एक चौकट,
शंभर चौकटींचे ठरलेले पैसे.
हिरवं फळ हिरव्या पानांत. तिला दिसतं, मला नाही.
एकदा तिनं बुलबुलाच्या खोप्याला चौकट घातली
नि खाली लिहिलं: हे मोजू नका.
मी ती खोडायला हवी होती.
जी बुद्धी म्हणून विकली जाते
तिच्यात अशा किती सुनंदा बसल्यात, पाठ धरून,
हे परिषदेत सांगायला उभा राहिलो
तर चहाची वेळ होते.

आणि उकंडराव दारोकर.
व्यापाऱ्यांसाठी उक्त्या सौद्याची बाग नजरेनं तोलतात.
बुंध्याला हात लावतात, दोन पावलं मागं सरतात,
टोपी वर करून आकडा सांगतात.

दोनशे बारावं झाड. मशीन म्हणालं, सहाशे चाळीस.
उकंडराव म्हणाले, "नऊशे.
पोटात हायेत ना बाप्पा, वरून कसे दिसतीन?"
तोड झाली. आठशे अकरा.

दोघंही चुकले.
मशीनची चूक मी तक्त्यात भरली.
त्यांची चूक व्यापाऱ्यानं दलालीतून कापली.
तेव्हापासून कोणी बुद्धीवर बोलू लागलं
की मी आधी विचारतो,
चुकल्यावर पैसे कोणाच्या खिशातून जातात.

"भेते का थे?" त्यांनी एकदा विचारलं.
"वारं सुटलं का मले झोप येत नाही.
फळगळ झाली का जेवन जात नाही.
याले होते का असं काई?"
नाही, म्हणालो.
मला वाटलं, आता ते हसतील,
मशीनची कीव करतील, मी ते कुठंतरी लिहीन.
ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले.
"सुखी हाय लेकाचं," म्हणाले.

नोंदीसाठी पूर्ण नाव विचारलं, तेव्हा कळलं.
"माह्या आंधी तीन गेले.
मंग मायनं मले उकिरड्यावर लोळवलं,
उकंड्या नाव ठेवलं.
का मरनाले वाटलं पाह्यजे, कचरा हाय,
काहून न्याव."

माझ्या धंद्यात याला डेटा खराब करणं म्हणतात.
एक बाई, अक्षर न ओळखणारी,
ओल्या बाळंतपणात शेणामातीत उभी,
मुद्दाम चुकीचं लेबल लावते,
आणि जे कधीच चुकत नाही म्हणतात
ते अठ्ठ्याहत्तर वर्षं
त्या दारावरून पुढं जातं.
मी नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात थोडा थांबलो.

रात्री बाराला शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या,
मीही मॉडेल लावलं आणि झोपलो.
सकाळी पाहिलं तर त्यानं एका झाडात
न सांगता खोपा ओळखला होता.
खात्री बेचाळीस टक्के.
चहा न घेता बागेत गेलो.
फांदीत चिंधी अडकली होती,
कोणाच्या तरी लुगड्याची, उन्हानं विटलेली.

उकंडरावांना दाखवली.
त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.
"दुरून," म्हणाले, "मलेही खोपाच वाटला असता."